अस्तराचं कापड

डॉक्टरांनी ती फाइल काही जोरात ढकलली नव्हती. दोन बोटांनी, टेबलाच्या कडेकडे, जेमतेम वीतभर. सोनोग्राफीचा रिपोर्ट पसरायला जागा हवी होती, एवढंच. पण त्या वीतभर सरकण्याकडे मावशीने ज्या नजरेने पाहिलं, ती नजर माझ्या डोक्यातून जात नाही. फाइल म्हणजे बटणाचं पारदर्शक प्लास्टिकचं पाकीट. आत सहा वर्षांचे लिपिड प्रोफाइलचे कागद, तारखेप्रमाणे लावलेले, कोपरे न दुमडलेले. "माझं कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे, डॉक्टर," ती म्हणाली होती. "सहा वर्षं. एकदाही वर गेलं नाही. मग हे कसं?" डॉक्टर हसले. वाईट नव्हतं ते हसणं, बाहेर चौदाजणी बसलेल्या असताना माणूस जितकं हसू शकतो तितकं होतं. "त्याचा आणि याचा काही संबंध नाही, मावशी," असं म्हणून ते पुढच्या तपासण्यांकडे वळले. मावशीने पाकीट उचललं, बटण लावलं आणि पर्समध्ये सरळ बसेना म्हणून सगळा वेळ मांडीवरच धरून बसली.

ते सहाही कागद माझ्या हातचे.

मी ठाण्यात नौपाड्यातल्या एका छोट्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे, १९ वर्षं झाली. मावशी घंटाळीजवळच्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहते. काका पंचेचाळिसाव्या वर्षी गेले. ऑफिसमधून आले, चपला काढायला स्टुलावर बसले आणि उठलेच नाहीत. तेव्हापासून त्या घरात कोलेस्टेरॉल हा शब्द एखाद्या भावकीतल्या वैऱ्यासारखा उच्चारला जातो. दर वर्षी गणपती विसर्जन झालं की पहिल्या रविवारी मी सकाळी तिच्याकडे जाते. "मोदकांनी काय दिवे लावलेत बघू," असं म्हणत ती दंड पुढे करते. खिडकीपाशी शिलाई मशीन, मशीनच्या तेलाचा आणि कोऱ्या कापडाचा वास, गॅसवर आधण ठेवलेलं. रक्त काढून झालं की लगेच चहा. पिवळ्या बुचाची नळी लॅबमध्ये आणून मी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवते. मावशीचं सीरम नेहमी निवळशंख, फिक्या मधाच्या रंगाचं. रात्री पार्टी करून सकाळी 'उपाशी आहे' म्हणून ठोकून देणाऱ्यांचं कसं पांढुरकं, ताकाच्या निवळीसारखं येतं, ते मी नळी उचलताच ओळखते. गेल्या वर्षीचे मावशीचे आकडे मला पाठ आहेत: एकूण १८२, एचडीएल ५२, ट्रायग्लिसराइड १७०, एलडीएल ९६. त्यातला शेवटचा आकडा आम्ही मोजत नाही, हे बाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं. एकुणातून चांगलं, म्हणजे एचडीएल, वजा करायचं, ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करायचा, उरेल ते वाईट, एलडीएल. फ्रिडवाल्ड यांचं हे सूत्र १९७२ सालचं आणि आमच्यासारख्या कितीतरी लॅब अजून त्याच्यावरच चालतात. म्हणजे ज्या आकड्यावरून घराघरांत तूप बंद होतं, तो आकडा बहुतेक वेळा एक वजाबाकी असते.

या वर्षी चैत्रात ती स्वतः लॅबमध्ये आली, जिना चढून, धापा टाकत. "चक्कर येते गं. हिमोग्लोबिन बघ जरा." ८.४ आलं. मी काउंटरच्या बाहेर आले आणि तिला आत नेऊन हळूच विचारलं, "अंगावरून जातं का काही?" तिने भिंतीवरच्या कालनिर्णयकडे पाहिलं. "थोडं थोडं." कधीपासून? "श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारपासून." इतकी नेमकी तारीख तिला कशी आठवते हे मला आधी कळेना. मग कळलं. त्या सोमवारी ती कोपिनेश्वराला गेली नव्हती. इतक्या वर्षांत श्रावणी सोमवार चुकला तो तेवढाच. वय ६३, पाळी जाऊन बारा वर्षं झालेली, आणि डाग दिसल्याबरोबर ही बाई पुन्हा बाहेरची होऊन घरात बसली. डॉक्टरकडे जायचं नव्हतं, फक्त देवळात जायचं नव्हतं.

श्रावण ते चैत्र, आठ महिने. आणि त्या आठांतल्या दुसऱ्याच महिन्यात मी तिच्या खिडकीपाशी बसून तिच्या दंडाला पट्टा बांधला होता. लिपिड आणि शुगर. हिमोग्लोबिन करू का, असं विचारलंसुद्धा नव्हतं, कारण दर वर्षी करत नव्हतो.

सोनोग्राफीत लिहून आलं की गर्भपिशवीचं अस्तर १४ मिलिमीटर जाड झालंय. पाळी गेलेल्या बाईला रक्त जात असेल आणि अस्तर चार मिलिमीटरच्या वर असेल, तर तुकडा काढून तपासायलाच हवा असं मानतात. मी हे शक्य तितक्या साध्या शब्दांत सांगत होते, पण मावशी 'अस्तर' या एका शब्दाशी अडकून बसली. चाळीस वर्षं ब्लाउज शिवलेली बाई ती. दोन बाय दोनचं रुबिया, अस्तराचं कापड, मापं, कटोरी, हे तिचं जग. "जाड म्हणजे? आत आणखी एक कापड लावल्यासारखं?" साधारण तसंच, मी म्हटलं. "अस्तर आधी भिजवून घ्यायचं असतं," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "न भिजवता लावलं की पहिल्या धुण्यात आटतं आणि वरचं चांगलं कापडसुद्धा ओढलं जातं." मग ती गप्प झाली. मीही झाले. त्या वाक्याला उत्तर द्यायचं असतं की नुसतं ऐकायचं असतं, हे मला समजलं नाही.

क्युरेटिंगच्या, म्हणजे अस्तराचा तुकडा काढायच्या, आदल्या रात्री तिचे गाऊन आणायला मी तिच्या घरी गेले. कपाटाच्या खालच्या खणात एक पिशवी असे, अस्तराच्या उरलेल्या तुकड्यांची. लहानपणी आम्ही त्यातून बाहुल्यांचे कपडे काढायचो. पिशवी जवळजवळ रिकामी होती. आणि न्हाणीघराच्या मागच्या दोरीवर, बाहेरून दिसू नयेत असे, परकराच्या आड, चौकोनी घड्या घालून शिवलेले तुकडे वाळत होते. पांढरे, बदामी, एक राणी रंगाचा. कडा चारही बाजूंनी व्यवस्थित दुमडून टीप मारलेली. आठ महिने तिने दुकानातून काही विकत आणलं नव्हतं. मेडिकलवाला ओळखीचा, वय बघून काय म्हणेल. मी तिथे उभी राहिले आणि मला पहिल्यांदा राग आला. तिचा नाही. स्वतःचाही नीटसा नाही. त्या टिपांचा आला, इतक्या सरळ होत्या त्या.

मी दर वर्षी सुई टोचून तिचं रक्त काढत होते. जे आपणहून येत होतं त्याबद्दल विचारलं नव्हतं.

तुकड्याचा रिपोर्ट आला: अस्तराचा कॅन्सर, एंडोमेट्रॉइड प्रकार, ग्रेड एक. म्हणजे त्यातल्या त्यात मवाळ. नातेवाइकांचे फोन सुरू झाले आणि सगळ्यांना वाटलं गर्भाशयमुखाचा, ज्याची हल्ली लस निघालीय तो. तो वेगळा, हा वेगळा. लशीच्या विषाणूशी याचं देणंघेणं नाही, आणि पॅप टेस्टमध्ये हा सापडेल याचीही खात्री नसते. याची आगाऊ सूचना म्हणजे बहुतेक वेळा ते रक्तच. हा कॅन्सर झालेल्या दहाजणींतल्या नऊजणींना ते जातं. उलट बाजूने, पाळी गेल्यावर रक्त गेलेल्या दहाजणींतल्या साधारण एकीलाच कॅन्सर निघतो. हा दुसरा आकडा धीराचा आहे, पण तो ऐकायला आधी कुणाला तरी सांगावं लागतं.

पण मला टोचत होतं ते 'संबंध नाही'. रोज पन्नास-साठ लिपिड प्रोफाइल करणाऱ्या बाईला असं कुणी म्हटलं की तिला ते तपासून बघावंसं वाटतं. रात्री सगळे झोपल्यावर मी मोबाइलवर वाचत बसायची. पहिल्याच रात्री लक्षात आलं की संबंध तर शाळेच्या पुस्तकाइतका जुना आहे. कोलेस्टेरॉलच्या रेणूत २७ कार्बन. त्याची शेपटी छाटली की २१ कार्बनचं प्रोजेस्टेरॉनचं घराणं, आणखी छाटलं की १९चं पुरुषी संप्रेरकांचं, आणि सगळ्यात शेवटी १८ कार्बनचं इस्ट्रोजेन. बाईपण म्हणून जे काही शरीरात फिरतं ते कोलेस्टेरॉलच बेतून, कापून, आखूड करून शिवलेलं असतं. पाळी गेली की बीजकोश हे काम जवळजवळ थांबवतात, पण अंगावरची चरबी थांबवत नाही. तिच्यात अरोमाटेज नावाचं विकर असतं, ते मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून आलेल्या १९ कार्बनवाल्यांचं १८वाले करत राहतं. समोर प्रोजेस्टेरॉन नसेल तर पिशवीचं अस्तर त्या इस्ट्रोजेनच्या सांगण्यावरून वाढतच जातं. १९७५ साली अमेरिकेत दोन अभ्यास एकाच वेळी छापून आले होते, पाळी गेल्यावर नुसत्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांत हा कॅन्सर किती जास्त दिसतो ते दाखवणारे. मावशीने कधी असली गोळी घेतली नव्हती. पण अंगाने ती भरलेली, साखर काठावर. शरीर घरच्या घरीच गोळी तयार करत होतं.

हे झालं संप्रेरकांचं. त्याच्या मागे आणखी एक थर आहे आणि मी खरी अडकले ती तिथे. कोलेस्टेरॉल पेशीत कसं शिरतं, आत कुठे फिरतं, बाहेर कसं पडतं, हे सगळं ठरावीक जनुकांच्या हातात असतं. रक्तातलं एलडीएल दारावर आलं की त्याला आत ओढून घेणारा रिसेप्टर एका जनुकाचा. ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५चं नोबेल मिळालं ते याच कामासाठी. आत आलेलं गाठोडं सोडवून त्यातला माल पेशीभर जाऊ देणारं जनुक एनपीसी-१. संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींत हा माल थेट मायटोकॉन्ड्रियाच्या, पेशीतल्या वीजघराच्या, आतल्या पडद्यापर्यंत पोचवणारं जनुक स्टार. ते पोचवेपर्यंत कापाकापीला सुरुवातच होत नाही. जास्तीचं झालं की पेशी त्याला तेलकट थेंबांत बांधून ठेवते, जुन्या घरात नको असलेलं सामान माळ्यावर टाकतात तसं. आणि उरलेलं दाराबाहेर काढून एचडीएलच्या हवाली करणारं एबीसीए-१. हे शेवटचं जनुक बिघडलं तर काय होतं ते अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरातल्या टँजियर नावाच्या एका बेटावरच्या मुलांमुळे कळलं. त्यांचे टॉन्सिल नारिंगी रंगाचे होते. बाहेर पडायला वाट न मिळालेलं कोलेस्टेरॉल तिथे साठलेलं, आणि रक्तात एचडीएल जवळपास शून्य. रोगाला बेटाचंच नाव पडलं, आणि त्यामागचं जनुक सापडायला १९९९ साल उजाडलं.

माझ्यासारख्या टेक्निशियनला यात हादरवणारी गोष्ट अगदी साधी होती. मी १९ वर्षं जे मोजत आले ते रस्त्यावरचं आहे. घरात किती आलं, किती माळ्यावर गेलं, किती दाराबाहेर पडलं, हे माझ्या नळीत दिसत नाही. गाठीच्या पेशींना सतत नव्या पेशी उभ्या करायच्या असतात, प्रत्येकीला आवरण लागतं आणि आवरणाला कोलेस्टेरॉल. म्हणून कितीतरी कॅन्सरमध्ये या दारांची उघडझाप बदललेली आढळते: आत घेणारी सताड उघडी, नाहीतर बाहेर काढणारी बंद. शिवाय कोलेस्टेरॉलचंच एक भावंड, २७-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉल, इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरला जाऊन चिकटू शकतं. आणि मावशीच्या तुकड्याच्या रिपोर्टमध्ये, चौथ्या ओळीत, जिथे कुणी नातेवाईक पोचत नाही तिथे, लिहिलेलं होतं की स्ट्रोमात, म्हणजे गाठीच्या आधाराच्या जाळ्यात, फेसाळ पेशी आढळल्या. फेसाळ म्हणजे पोटात चरबीचे थेंब भरल्यामुळे साबणाच्या फेसासारख्या दिसणाऱ्या. या कॅन्सरमध्ये त्या कधीकधी दिसतात. काकांच्या हृदयाच्या धमनीत ज्या साचल्या असणार त्या याच जातीच्या. ती ओळ मी दोनदा वाचली आणि मोबाइल पालथा ठेवला.

इथे एक कबुली देते. माळ्याची उपमा सुचली तेव्हा मला आधी बरं वाटलं होतं. मावशीचं घर तसंच आहे ना. श्रीखंडाचे डबे, साड्यांचे खोके, बंद पडलेला मिक्सर, काही बाहेर जात नाही. आणि मनातलंही काही बाहेर येत नाही. सगळं आत घेणारी, काही न सोडणारी बाई आणि तशाच तिच्या पेशी. केवढं छान जुळतं! दोन दिवस मी त्या जुळण्यावर खूश होते. मग तिच्या जाऊबाईंनी फोनवर मला सांगितलं, "मनात साठवून ठेवलं की असंच होतं बघ," आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझी उपमा आणि त्यांचं वाक्य यांत काय फरक होता? एबीसीए-१ला मावशीच्या स्वभावाची खबर नसते. ती आठ महिने बोलली नाही याने निदानाला उशीर झाला, रोग झाला नाही. या दोन गोष्टी एका दोऱ्यात ओवायची आपल्याला फार घाई असते, बाईच्या बाबतीत जरा जास्तच.

वैशाखात आम्ही ब्लॉक आणि स्लाइड्स घेऊन खारघरला टाटाच्या केंद्रात निघालो, दुसरं मत घ्यायला. ठाण्याहून पनवेल लोकल, बायकांचा डबा, दुपारची वेळ. ऐरोलीपर्यंत उभ्यानेच, मग खिडकी मिळाली. रबाळे, घणसोली, वितळलेल्या डांबरासारखी हवा आत येत होती. मेणाचे ते छोटे चौकोन, ज्यांत तिच्या अस्तराचा तुकडा बसवलेला होता, ते मावशीने डब्यातल्या पोळीसारखे रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवले होते. जुईनगरच्या आसपास तिने विचारलं, "तू रात्री काय वाचत असतेस? तुझा नवरा सांगत होता." मी सांगितलं. त्यात २०२१चा तो अभ्यासही सांगितला, जो मला स्वतःलाच पचला नव्हता. हा कॅन्सर झालेल्या १२,९०६ बायका आणि न झालेल्या लाखाहून अधिक, यांची जनुकं तपासलेली. जन्माच्या वेळी ज्या चिठ्ठ्या निघाल्या, कुणाला एलडीएल जरा जास्त ठेवणारी, कुणाला कमी ठेवणारी, त्या चिठ्ठ्यांप्रमाणे बायकांची तुलना करायची. चिठ्ठी माणूस निवडत नाही, त्यामुळे आहार, व्यायाम, सवयी यांचा घोळ पुष्कळसा टळतो. निघालं ते उलटंच. ज्यांची जनुकं एलडीएल वर ठेवणारी, त्यांना हा कॅन्सर होण्याचा धोका कमी. आणि एचडीएल, ज्याला आम्ही रिपोर्टवर 'चांगलं' म्हणून बसवलंय, ते वर ठेवणाऱ्या जनुकांबरोबर या कॅन्सरच्या एका वेगळ्या, जास्त आक्रमक गटाचा धोका वाढलेला. हे असं का, त्यासाठी आणखी काम लागेल, असं संशोधकांनीच लिहिलंय. (हे वाचून कुणी आपली कोलेस्टेरॉलची गोळी थांबवू नका. हृदय आपल्या जागी आहे आणि ते अशा बारकाव्यांची वाट बघत नाही.)

मावशीने सगळं नीट ऐकलं. सीवूड्स गेलं. "म्हणजे माझं जरा जास्तच नॉर्मल होतं?"

मला हसू आलं आणि तिलाही आलं, आणि समोर बसलेली चिक्कीवाली आमच्याकडे बघायला लागली. तसं नाही गं, मी म्हटलं, हे हजारो बायकांच्या सरासरीतून दिसतं, एका बाईच्या कागदावरून नाही. तुझा तुझ्या जनुकांशी हिशोब कुणी मांडलेला नाही. "नकोच मांडायला," ती म्हणाली. "पण संबंध आहे ना? डॉक्टर म्हणाले नाही म्हणून." आहे, मी म्हटलं. तिने पर्सवर हात ठेवला. त्या पर्समध्ये रुमालाखाली ते बटणाचं पाकीट होतं, त्या दिवशीही. संबंध आहे हे ऐकून तिला बरं वाटलं होतं. रोग बरा होणार म्हणून नाही, तिचा प्रश्न मूर्खपणाचा नव्हता म्हणून. खारघरच्या डोंगरावर तेव्हा एक हिरवं पान नव्हतं, नुसता भाजलेला कातळ.

ऑपरेशन ज्येष्ठात झालं. पिशवी आणि दोन्ही बीजकोश काढले. रोग अस्तरातच होता, बाहेर पडलेला नव्हता, पुढे फक्त तपासण्यांना जायचं. ते दिवस जसे सगळ्यांचे जातात तसे गेले: थर्मास, पास, कॅन्टीनचा उपमा. तिसऱ्या आठवड्यात ती मशीनवर बसली म्हणून मुलाशी भांडण झालं. श्रावणात चारही सोमवार कोपिनेश्वराला जाऊन आली.

परवा गणपती झाल्यावरच्या पहिल्या रविवारी मी गेले. आधण ठेवलेलं होतं. दंडाला पट्टा बांधायच्या आधी मी या वेळी यादीच काढली होती: चक्कर, वजन, लघवी, पोटात दुखतं का, अंगावरून काही. "पिशवीच नाही, आता काय डोंबल जाणार?" ती म्हणाली. जाऊ शकतं, मी म्हटलं, वरच्या टाक्यापाशी, म्हणून विचारते. तिने एकेक उत्तर दिलं, शाळेतल्या तोंडी परीक्षेसारखं. रक्त काढलं, चहा झाला. लॅबमध्ये नळी फिरवली. सीरम तसंच, फिक्या मधाच्या रंगाचं. हिमोग्लोबिन ११.६. ते मला आधी सांगायचं होतं, पण फोन उचलल्या उचलल्या तिने विचारलं, "एलडीएल किती?"

"एकशे चार."

"एकशे चार?" पलीकडे मशीन थांबल्याचं ऐकू आलं. "आठने वाढलं की गं!" मग थोडा वेळ काहीच नाही. खालच्या रस्त्यावरचा रिक्षाचा हॉर्न, कुकरची शिट्टी. आणि अगदी दबक्या आवाजात, जणू मेडिकलवाला ऐकत असावा तसं, ती म्हणाली, "तूप बंद करू का?"